मागच्या सीटचा स्क्रीन: काच ठणठणीत, मेंदू म्हातारा

गाडीत कंपनीतूनच बसून आलेले मागचे स्क्रीन फारसे बिघडत नाहीत, ते जुने होतात. गाडी बाजारात येण्याच्या काही वर्षं आधीच आतली चिप आणि सॉफ्टवेअर ठरलेलं असतं, आणि पुढे गाडी दहा-बारा वर्षं सहज चालते. तेवढ्यात घरातले फोन चार वेळा बदलतात, व्हिडिओचे प्रकार बदलतात, अ‍ॅपवाले जुन्या यंत्रांकडे पाठ फिरवतात. मग लांबच्या प्रवासात पेनड्राइव्ह लावला की ‘फाइल चालत नाही’, फोन जोडला तर आवाज येतो पण चित्र काळं, हेडफोनमध्ये खरखर, आणि मागून रडारड.

यातल्या बहुतेक कटकटी आदल्या दिवशी घरीच मिटवता येतात. मात्र त्या स्क्रीनकडून हुशारीची अपेक्षा सोडायला हवी. काच, वीज आणि फिटिंग त्याचं वापरायचं, डोकं आपण पुरवायचं. एक तर त्याला कळतील अशाच फाइली द्यायच्या, नाहीतर एचडीएमआयमधून बाहेरचं यंत्र जोडायचं. स्क्रीनमधल्या अ‍ॅपच्या भरवशावर मात्र प्रवासाला निघायचं नाही.

आधी गाडीत काय आहे ते बघा

दिवसाउजेडी गाडी उभी करून सगळी सॉकेटं शोधा: पुढच्या सीटच्या पाठीवर, आर्मरेस्टच्या कप्प्यात, मधल्या कन्सोलच्या मागच्या तोंडाशी, छतावरून उघडणारा स्क्रीन असेल तर त्याच्या कडेला. यूएसबी, एचडीएमआय, पिवळा-पांढरा-लाल असे तीन गोल सॉकेट, किंवा हेडफोनचं वाटावं असं पण बाजूला ‘एव्ही’ लिहिलेलं ३.५ मिमीचं भोक, यांपैकी काहीतरी सापडेल.

यूएसबीत एक फसगत नेहमीची. मागच्या सीटजवळचे कित्येक यूएसबी फक्त चार्जिंगचे असतात. त्यात पेनड्राइव्ह कितीही वेळा काढला-घातला तरी स्क्रीनला तो दिसणार नाही. बाजूला नुसतं विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असेल तर तो बहुधा चार्जिंगचाच. डेटाचा यूएसबी पुष्कळदा पुढे, ड्रायव्हरजवळच्या कप्प्यात असतो आणि तिथली फाइल मागच्या स्क्रीनवर ‘सोर्स’ बदलून लावावी लागते.

मग मॅन्युअलमधला चालणाऱ्या फाइलींचा तक्ता शोधून त्याचा फोटो काढून ठेवा. तक्त्यात ‘एमपीईजी-४’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. त्या नावाखाली व्हिडिओ दाबून लहान करायचा जुना डिव्हएक्स-एक्सव्हिडचा प्रकारही येतो आणि नवा एच.२६४ सुद्धा. तक्त्यात ‘एच.२६४’ किंवा ‘एव्हीसी’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर यंत्र जुनं आहे असंच धरून चाला.

पेनड्राइव्ह: सगळ्यात भरवशाचा मार्ग

नेटवर्क नसलं, घाट लागला, फोनची बॅटरी संपली तरी हा चालतो. पण तयारी नीट हवी.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचाच घ्या, त्याहून मोठा नको. गाडीतली बरीच यंत्रं फाइली मांडायची फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचतात, आणि ६४ जीबीपासून पुढचे पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतात. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय वर्षानुवर्षं दाखवत नव्हती, त्यामुळे मोठा पेनड्राइव्ह घेतला की वेगळं सॉफ्टवेअर शोधत बसावं लागतं. मॅकवर डिस्क युटिलिटीत आधी ‘व्ह्यू’मधून सगळी उपकरणं दाखवायला सांगा, वरचं मूळ उपकरण निवडा, मग फॉरमॅट ‘एमएस-डॉस (फॅट)’ आणि स्कीम ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ठेवा. स्कीम ‘जीयूआयडी’ राहिली तर संगणकाला पेनड्राइव्ह दिसतो, गाडीला दिसत नाही, आणि माणूस उगीच पेनड्राइव्हला दोष देत बसतो.

आता व्हिडिओ. फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारं हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. त्यात ‘फास्ट ७२०पी३०’ हा तयार पर्याय निवडा आणि पुढच्या गोष्टी तपासा:

- फॉरमॅट एमपी४, व्हिडिओ एच.२६४ (एक्स२६४). नावात ‘१०-बिट’ असलेला पर्याय नको.
- प्रोफाइल ‘मेन’, लेव्हल ३.१. फ्रेम दर ३० च्या वर नाही.
- सरासरी बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला लागणारा डेटा) सेकंदाला २००० किलोबिट.
- ऑडिओचा एकच ट्रॅक: एएसी, स्टिरिओ, १२८ किलोबिट.

स्क्रीन जुना, ८०० × ४८० पिक्सेलचा असेल तर ७२०पीचाही उपयोग नाही. ४८०पी करा, बिटरेट १००० पुरतो. या काचेवर त्यापलीकडचा फरक डोळ्याला दिसतच नाही, आणि कमी बिटरेटवर जुनी चिप अडखळत नाही.

२००० अधिक १२८ या हिशोबाने एक तासाचा व्हिडिओ साधारण ०.९६ जीबीचा होतो. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर तीसेक तास मावतात. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, पण या मापात ती अडचण येत नाही.

तरीही अडलं तर लक्षणं बघा. पेनड्राइव्हच दिसत नसेल तर चूक फॉरमॅटची किंवा स्कीमची. फाइलचं नाव दिसतं पण चालू होत नसेल तर व्हिडिओ एच.२६५ (एच.२६४ च्या पुढची पद्धत) किंवा १०-बिट राहिलेला असतो. हल्लीच्या फोनवर काढलेले व्हिडिओ पुष्कळदा असेच असतात. चित्र आहे पण आवाज नाही, तर ऑडिओ डॉल्बी किंवा डीटीएस या सिनेमाच्या सराउंड पद्धतींचा आहे. चित्र धक्के खात असेल तर बिटरेट किंवा फ्रेम दर जास्त झाला. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून ‘कोडेक इन्फर्मेशन’ बघितलं की यातलं काय आहे ते मिनिटभरात कळतं. फाइलच्या नावामागचं ‘.एमपी४’ फक्त डब्याचं नाव सांगतं, आत काय भरलंय ते सांगत नाही.

सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये ठेवू नका. मराठी-हिंदी अक्षरांच्या जागी गाडीच्या स्क्रीनवर बहुधा चौकोन दिसतात. हँडब्रेकच्या सबटायटल विभागात ‘बर्न इन’ला खूण केली की अक्षरं चित्रातच उमटतात. जोडाक्षरं नीट आली का, हे आधी मिनिटभराचा तुकडा करून बघा, मग पूर्ण फाइल लावा. फाइलींची नावंही याच कारणाने रोमन अक्षरांत, छोटी, आणि पुढे ०१, ०२ असे आकडे लावून द्या. नुसते १, २ दिले तर कित्येक यंत्रं १ नंतर १० लावतात, आणि गोष्टीचा दहावा भाग दुसऱ्या क्रमांकावर लागला की मागच्या सीटवर काय होतं ते सांगायला नको. फोल्डर एकाच पातळीचे ठेवा.

मॅकवरून फाइली टाकल्या असतील तर प्रत्येक व्हिडिओसोबत डॉट आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल जाते. गाडीच्या यादीत ती व्हिडिओ म्हणून दिसते आणि दाबली की ‘चालत नाही’ म्हणते. कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबून लपलेल्या फाइली दाखवा आणि त्या पुसून टाका.

बरीच यंत्रं गाडी बंद झाली की आपण कुठे होतो ते विसरतात. चहाला थांबलं की सिनेमा पुन्हा पहिल्यापासून. यावर सोपा तोडगा म्हणजे लांब व्हिडिओचे वीस-पंचवीस मिनिटांचे भाग करणं. हँडब्रेकमध्ये ‘रेंज’ला ‘सेकंद’ निवडून ० ते १५००, १५०० ते ३००० असे तुकडे रांगेत लावता येतात.

हँडब्रेक कॉपी-संरक्षण तोडत नाही, त्यामुळे विकतच्या डीव्हीडीवर हा मार्ग चालेलच असं नाही. डीव्हीडी गाडीत थेट लावायची असेल तर तिचा रीजन (ती कुठल्या भूभागासाठी आहे तो आकडा) गाडीच्या प्लेअरशी जुळायला हवा, आणि घरी बर्न केलेली डिस्क ‘फायनलाइज’, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद केलेली हवी. ती नसेल तर संगणकात चालणारी डिस्क गाडी बाहेर फेकते.

एचडीएमआय: बाहेरचं डोकं जोडताना

फोन एचडीएमआयला जोडायला नुसती केबल पुरत नाही. टाइप-सी असलेल्या प्रत्येक फोनमधून चित्र बाहेर येत नाही. माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ असा उल्लेख असेल तरच येतं. लाइटनिंगच्या आयफोनला अ‍ॅपलचा डिजिटल एव्ही अडॅप्टर लागतो, आणि लांब वापरात त्याला चार्जिंगची वायरही जोडून ठेवावी. स्वस्त अडॅप्टर फोनवरचे स्वतःचे व्हिडिओ दाखवतो, पण स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपवर आवाज चालू आणि चित्र काळं. हा बिघाड नाही. ती अ‍ॅप पलीकडच्या यंत्राकडे एचडीसीपी नावाची परवानगी मागतात, आणि ती साखळीत कुठेही तुटली की चित्र अडवतात.

स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआयला लावतात तो इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवणारा छोटा तुकडा) लावणार असाल तर पहिली अडचण विजेची. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे साध्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात, स्टिकला त्याच्या दुप्पट किंवा जास्त लागतात. परिणाम: स्टिक सुरू होते, लोगो दिसतो, पुन्हा बंद. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये ५ व्होल्ट, किमान २ अँपिअरचा अडॅप्टर लावून तिथून वीज द्या.

नंतर क्रम पाळा. आधी स्क्रीन चालू, सोर्स एचडीएमआयवर, मग स्टिकला वीज. उलट केलं तर दोघांची ओळख पटत नाही आणि ‘नो सिग्नल’ येतो. स्टिकच्या सेटिंगमध्ये चित्र ‘ऑटो’वर न ठेवता ७२०पी, ६० हर्ट्झ असं ठरवून द्या आणि आवाज ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करा. डॉल्बीवर राहिला तर गाडी मुकी. हे सगळं घरच्या टीव्हीवर लावून आधी उरकून घेणं सोयीचं, कारण गाडीत काळ्या पडद्यावर सेटिंग शोधणं अशक्य. स्टिक थेट सॉकेटमध्ये लटकत ठेवू नका. सोबत येणारा छोटा एक्स्टेंडर वापरा, नाहीतर मुलाच्या गुडघ्याच्या एका धक्क्यात सॉकेट सैल होतं आणि त्यासाठी कधी कधी अख्खं युनिट बदलावं लागतं.

हॉटस्पॉटवर स्टिक चालते, पण डेटा धडाधड जातो. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे साध्या दर्जात तासाला सुमारे १ जीबी, एचडीत ३ जीबीपर्यंत. दोन मुलांचे दोन स्क्रीन असले की दुप्पट. त्यापेक्षा फोनवर किंवा टॅबवर आधीच डाउनलोड करून ठेवणं बरं. डाउनलोड झालं की फोन विमान मोडमध्ये टाकून एकदा तो व्हिडिओ चालवून बघा. काही डाउनलोडना मुदत असते, काही अ‍ॅप सुरू होतानाच इंटरनेट मागतात, आणि हे कळायची जागा घर आहे, हायवे नाही.

जुन्या गाडीत फक्त पिवळा-पांढरा-लाल असेल तर एचडीएमआयपासून एव्ही करणारा कन्व्हर्टर लागतो. दुकानात दिसायला अगदी सारखे दोन डबे मिळतात, एक एचडीएमआयकडून एव्हीकडे जाणारा आणि दुसरा उलटा. चुकीचा घेतला तर काहीही केलं तरी चालणार नाही. डब्याला ५ व्होल्टची वीजही द्यावी लागते. त्याच्यावर पाल-एनटीएससी या टीव्हीच्या दोन जुन्या पद्धतींमध्ये बदल करणारं छोटं बटण असतं. चित्र वरखाली फिरत असेल किंवा रंग उडाले असतील तर ते दुसऱ्या बाजूला सरकवा. आणि गाडीत ३.५ मिमीचं एव्ही भोक असेल, त्यात केबल घातल्यावर चित्र येत नाही पण एका कानात जाड गुणगुण ऐकू येते, अशी स्थिती असेल तर केबल फेकू नका. त्या पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, आणि ती गुणगुण म्हणजे चित्राचा सिग्नल स्पीकरमध्ये चाललाय. दुसऱ्या टोकाला पिवळ्याच्या जागी लाल, मग पांढरा लावून बघा. एका जोडणीत बहुधा चित्र येतं.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी येत असेल तर चार्जर काढून यंत्र त्याच्या बॅटरीवर चालवा. शिट्टी गेली तर तो अर्थिंगचा फेरा आहे; ऑडिओच्या वायरीत तो फेरा तोडणारा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ घातला की सहसा थांबते.

हेडफोन

गाडीसोबत आलेले वायरलेस हेडफोन बहुधा इन्फ्रारेडचे असतात, ब्लूटूथचे नाही. म्हणजे त्यांना स्क्रीनवरचा काळा ठिपका समोर दिसावा लागतो. मूल खिडकीकडे वळलं, उशी मध्ये आली, किंवा काचेतून थेट ऊन त्या ठिपक्यावर पडलं की खरखर सुरू.

तपासायची एक सोपी रीत आहे. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून स्क्रीनच्या काळ्या ठिपक्यावर रोखा. ट्रान्समीटर चालू असेल तर कॅमेऱ्यात तिथे फिकट जांभळा उजेड दिसतो, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. उजेड दिसला तर स्क्रीन ठीक आहे, दोष हेडफोनचा. रिमोटची पुढची टोकंही अशीच तपासता येतात.

दोष हेडफोनचा ठरला की आधी चॅनल बघा. ‘ए’ आणि ‘बी’ असं बारीक बटण असतं. डावा स्क्रीन ए, उजवा बी अशी बहुधा वाटणी असते. मग डावा-उजवा कान: काही जोड्यांचे रिसीव्हर पुढच्या अंगालाच असतात, उलटे घातले की ते मागच्या काचेकडे बघत बसतात. मग बॅटरी. ट्रिपल-ए बॅटऱ्या उन्हात गाडीत पडून राहिल्या की गळतात आणि पत्र्यांवर पांढरी-हिरवट खपली धरते. ती व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, कोरडं करा, आणि प्रवास संपला की बॅटऱ्या काढून ठेवायची सवय लावा. रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला तर अन्ननलिका जळते, जिवावर बेततं. झाकणाचा स्क्रू घट्ट नसेल तर रिमोट पुढेच ठेवा.

ब्लूटूथ हेडफोन लावायचे तर एक तडजोड ठरलेली: साध्या ब्लूटूथवर आवाज ओठांच्या थोडा मागे पडतो, पंचमांश सेकंदापर्यंत. कार्टूनला कोणाला कळत नाही, सिनेमात खटकतं. लहान मुलांसाठी कमाल आवाजाला मर्यादा असलेलेच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायची पातळी ७५ डेसिबल धरलेली आहे, तर खोक्यावरचा ‘सुरक्षित’ आकडा बहुधा ८५ असतो. मुलाच्या कानातला आवाज बाजूला बसलेल्याला स्पष्ट ऐकू येत असेल तर कमी करा.

थांबलं की बंद पडतं

सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत प्रत्येक स्टार्टला व्होल्टेज क्षणभर खाली येतं. गाडीचा स्वतःचा स्क्रीन हे सहसा सोसतो, १२ व्होल्टच्या सॉकेटवरची स्टिक मात्र रीस्टार्ट होते. प्रवासापुरतं ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करा (बऱ्याच गाड्यांत चावी फिरवल्यावर ते बटण दर वेळी दाबावं लागतं), किंवा मध्ये असा पॉवरबँक लावा जो एकाच वेळी चार्ज होतो आणि वीजही देतो. पॉवरबँक उन्हात बंद गाडीत सोडून जाऊ नका.

स्क्रीन खरोखरच मेला असेल तर

प्रथम फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. जळालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला: लाल १०, निळा १५, पिवळा २०. मोठा घालायचा मोह टाळा, कारण पुढे वायर जळते. फ्यूज चांगला असेल तर गाडी बंद करून तो दहा मिनिटं काढून पुन्हा लावा; लटकलेलं युनिट पुष्कळदा एवढ्यावर जागं होतं.

छताचा स्क्रीन ठरावीक कोनात लुकलुकत असेल तर बिजागरीतून जाणारी चपटी रिबन केबल तुटत आलेली असते. उघड-मीट करताना ती रोज वाकते. केबल वेगळी मिळते, युनिट बदलायला सांगितलं तर आधी केबलची चौकशी करा.

काही युरोपीय गाड्यांत ऑडिओ-व्हिडिओची सगळी युनिटं ‘मोस्ट’ नावाच्या प्रकाशतंतूंच्या कड्यात जोडलेली असतात. त्यातलं एक मेलं की कडं तुटतं आणि पुढचा रेडिओसुद्धा बंद पडतो. मागच्या युनिटचा संशय असेल तर मेकॅनिक त्या जागी बायपासचा तुकडा लावून बघतो. पुढचं सगळं जिवंत झालं तर चोर सापडला. हा तंतू अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायचा नसतो, म्हणून ओढाताण करू नका.

अ‍ॅप लॉगिनच घेत नसेल तर गाडीची तारीख बघा. बॅटरी बदलल्यावर ती मागे गेलेली असली की सर्व्हरची सुरक्षा-प्रमाणपत्रं जुळत नाहीत. तारीख बरोबर असून चालत नसेल तर बहुधा अ‍ॅप किंवा नेटवर्कच बंद झालंय. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा थ्रीजी मोडेमच्या गाड्यांची जोडणी अशीच गेली. सॉफ्टवेअर अपडेट करायचं तर बॅटरीला चार्जर लावून, मध्ये इंजिन-इग्निशनला हात न लावता.

पोटात ढवळणं आणि टॅबचा मोह

सीटच्या पाठीतला स्क्रीन मुलाची नजर खाली खेचतो, डोळ्यांना गाडीची हालचाल दिसत नाही, कान ती सांगत राहतो, आणि उलटी होते. छतावरचा स्क्रीन या बाबतीत बरा. वळणावळणाचा रस्ता लागला की स्क्रीन बंद करून नुसता आवाज चालू ठेवा. मागे तोंड करून बसणाऱ्या लहान मुलाला स्क्रीन दिसतच नाही, आणि त्यासाठी त्याची सीट वेळेआधी पुढे वळवणं हा शुद्ध वेडेपणा.

टॅब लावायचा तर होल्डर हेडरेस्टच्या दोन्ही दांड्यांना घट्ट धरणारा हवा. अर्ध्या किलोचा सुटा टॅब ताशी ५० किमीच्या टकरीत दहा मीटरवरून पडल्याच्या जोराने पुढे जातो. कंपनीच्या स्क्रीनची फिटिंग गाडीबरोबर तपासलेली असते, त्याची खरी जमेची बाजू ही. हेडरेस्टला भोकं पाडू नका, आणि स्क्रीनवाला हेडरेस्ट काढण्याआधी आतली वायर दांडीतून गेलीय का ते बघा.

वापरलेली गाडी घेताना वर सांगितल्याप्रमाणे भरलेला पेनड्राइव्ह खिशात ठेवून जा. दोन्ही स्क्रीनवर वेगवेगळं चालू होतं का, छताचा स्क्रीन उघडताना चित्र थरथरतं का, हे पाच मिनिटांत कळतं. हेडफोन आणि रिमोट हरवलेलेच असतात. ते गाडीसोबत मिळत नसतील तर तेवढे पैसे सौद्यातून कमी करून घ्या.